संशोधनवृत्तातील क्रियापद

१

मराठीतून शास्त्रीय विषयांवर लेखन करावयाचे म्हटले की चर्चा बहुधा परिभाषेच्या प्रश्नाकडे वळते. कोणत्या इंग्रजी संज्ञेस कोणता प्रतिशब्द योजावा, तो संस्कृतातून घ्यावा की बोलीतून उचलावा, मूळ शब्दच देवनागरीत लिहिला तर काय बिघडते, हा वाद बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढले त्या काळाइतकाच जुना आहे. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोश सिद्ध केले. विश्वकोशाच्या खंडांनी त्या परिभाषेला वावरण्यास जागा दिली. ह्या सर्व उद्योगाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ह्या उद्योगात लक्ष राहिले ते नामांवर. संशोधनाचा वृत्तान्त देणारे वाक्य ज्या क्रियापदावर उभे असते त्या क्रियापदाची चिकित्सा त्या मानाने फारच थोडी झाली.

वास्तविक पाहता वाचकाची दिशाभूल नामाने क्वचितच होते. ‘न्यूट्रिनो’ हा शब्द अपरिचित असला तर वाचक तेथे थबकतो, विचारतो किंवा पुढे जातो. आपल्याला काही कळले नाही एवढे तरी त्याला कळते. ‘सिद्ध झाले’, ‘सापडले’, ‘शोध लागला’ ही क्रियापदे मात्र त्याच्या पूर्ण परिचयाची असतात. तेथे तो थबकत नाही. म्हणून ती चुकीच्या जागी पडली तर त्याला कळत नाही, आणि जे अद्याप ठरलेले नाही ते ठरले अशी त्याची समजूत होऊन बसते.

‘शोध’ हाच शब्द पाहावा. हरवलेल्या गुराचा शोध घेतात. खंडाचा किंवा ग्रहाचा शोध लागतो. यंत्राचा शोध लावतात. आणि विद्यापीठात जे चालते तेही शोधकार्यच. घेणे, लागणे आणि लावणे ह्या तीन क्रियापदांनी एकाच नामाचे तीन निरनिराळे व्यापार होतात. ह्यांतील ‘लागणे’ विशेष लक्षणीय आहे. भूक लागते, ठेच लागते, पत्ता लागतो: ह्या सर्व प्रयोगांत जे घडते ते माणसाच्या इच्छेवाचून आणि एकदाच घडते. पत्ता लागला की शोध संपला, असा त्या प्रयोगाचा ध्वनी आहे. संशोधनाच्या वृत्तान्तात सर्वाधिक वापरले जाणारे वाक्य ‘शोध लागला’ हे आहे, आणि संशोधनात सर्वांत क्वचित घडणारी गोष्टही हीच आहे. गेल्या पंधरावीस वर्षांत पदार्थविज्ञान, खगोलशास्त्र, अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र ह्या चार क्षेत्रांत जे गाजलेले निष्कर्ष पुढे आले, त्यांपैकी काही ह्या दृष्टीने तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

२

प्रथम साधनसामग्रीचा विचार करू जाता असे दिसते की निश्चयाच्या पायऱ्या दाखविण्याच्या बाबतीत मराठी मुळीच दरिद्री नाही. मोरो केशव दामले यांच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून शाळेतल्या मुलालाही क्रियापदाचे चार अर्थ परिचित आहेत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. आज्ञार्थाचा येथे संबंध नाही. उरलेल्या तिहींत शास्त्रीय विधानाला लागणारी बहुतेक सामग्री सामावलेली आहे.

सकाळी दार उघडणारा शेतकरी ती सामग्री रोज वापरतो. रात्री जागा राहून त्याने सरी पाहिल्या असतील तर तो ‘पाऊस पडला’ म्हणतो. अंगण ओले पाहून तो ‘पाऊस पडलेला दिसतो’ असे म्हणतो. अंगण कोरडेच आहे, पण वारा गार सुटला आहे, तर ‘वरच्या अंगाला पाऊस पडला असावा’ असे त्याच्या तोंडून निघते. आणि बाजाराहून आलेल्या शेजाऱ्याने सांगितले असेल तर ‘तिकडे पाऊस पडला म्हणे’ एवढेच. चार वाक्यांत घटना एक, आणि तिचे प्रमाण चार प्रकारचे. नैयायिकांनी ज्यांना प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द अशी नावे दिली, ती प्रमाणे ह्या शेतकऱ्याच्या क्रियापदात आपोआप उमटतात. त्यासाठी त्याला एकही पारिभाषिक संज्ञा लागत नाही.

हाच शेतकरी वर्तमानपत्र उघडतो तेव्हा त्याला सर्व काही ‘पडले’, ‘सापडले’, ‘लागले’ ह्या एकाच रूपात वाचावयास मिळते. बोलीत असलेला विवेक छापील गद्यात येताना गळून पडतो. ही टीका केवळ वृत्तपत्रांवर नाही. पाठ्यपुस्तके, विज्ञानविषयक नियतकालिके आणि विद्यापीठीय प्रबंधांचे सारांश ह्यांतही हीच प्रवृत्ती आढळते.

३

पदार्थविज्ञानातील दोन प्रसंग परस्परांशेजारी ठेवण्यासारखे आहेत. सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ ह्या प्रयोगातील संशोधकांनी एक मापन जाहीर केले. जिनीव्हाजवळील सर्न येथून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटर दूर असलेल्या इटलीतील ग्रान सासो येथील प्रयोगशाळेत प्रकाशाला लागला असता त्यापेक्षा सुमारे ६० अब्जांश सेकंद आधी पोचताना दिसत होते. संशोधकांनी स्वतः ह्या मापनाचा कोणताही सैद्धान्तिक अर्थ लावण्याचे टाळले होते आणि इतरांनी ते तपासून पाहावे असे आवाहन केले होते. ‘न्यूट्रिनो लवकर पोचताना दिसतात’ हे त्यांचे वाक्य होते. जगभर जे पसरले ते वाक्य ‘न्यूट्रिनो प्रकाशाहून वेगवान आहेत’ हे होते. पुढे २०१२ च्या आरंभी प्रकाशतंतूच्या एका जोडणीतील ढिलेपणा हे त्या फरकाचे प्रमुख कारण असल्याचे उघड झाले, आणि त्याच ठिकाणच्या ‘इकारस’ ह्या दुसऱ्या प्रयोगाने न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळतो असे दाखविले.

‘दिसतात’ हे क्रियापद वापरणारे लेखन ह्या घटनेने खोटे ठरले नाही. तसे ते खरोखरच दिसत होते. ‘आहेत’ म्हणणारे लेखन मात्र सहा महिन्यांत खोटे पडले, आणि त्याचा दोष वाचकांनी शास्त्राच्या माथी मारला.

दुसरा प्रसंग ४ जुलै २०१२ चा. सर्न येथील ‘अ‍ॅटलास’ आणि ‘सीएमएस’ ह्या दोन प्रयोगांनी सुमारे १२५ गिगॅ-इलेक्ट्रॉनव्होल्ट वस्तुमानाचा एक नवा कण आढळल्याचे घोषित केले. तो कण हिग्ज बोसॉनशी सुसंगत दिसतो, इतकेच तेव्हा म्हटले गेले. तो हिग्ज बोसॉनच होय असे सर्नने म्हटले ते अधिक विदा तपासल्यावर, मार्च २०१३ मध्ये. ‘आढळला’ आणि ‘तोच होय’ ह्या दोन क्रियापदांमध्ये आठ महिन्यांचे काम आहे.

ह्याच प्रसंगी ‘पाच सिग्मा’ ही कसोटी सर्वतोमुखी झाली. तिचा अर्थ मराठीत सांगताना पुष्कळदा असे लिहिले जाते की हा कण नसण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक एवढीच आहे. हे विधान चुकीचे आहे. बरोबर विधान असे: हा कण नसता, तर केवळ योगायोगाने इतका ठळक किंवा ह्याहून ठळक संकेत दिसण्याची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक एवढीच होती. पहिले वाक्य कणाच्या अस्तित्वाविषयी आहे. दुसरे कणाच्या अभावी मिळू शकणाऱ्या निरीक्षणाविषयी आहे. ही उलटापालट इतर भाषांतही होते, परंतु मराठीत ती होण्याला खरोखर निमित्त नाही. ‘नसता, तर’ हा संकेतार्थ नेमका ह्याच कामासाठी भाषेत तयार आहे. ‘तू वेळेवर आला असतास, तर गाडी चुकली नसती’ असे म्हणणारा कोणीही मनुष्य ही तर्करचना जाणतो. लेखकाने ती वापरली नाही, कारण तो इंग्रजी मथळ्याचे रूपान्तर करीत होता. मराठी वाक्य रचीत नव्हता. ‘ऑपेरा’च्या मापनातील संकेतही पाच सिग्मांहून वरचढच होता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. योगायोगाची शक्यता दूर झाली म्हणजे उपकरणातील दोषाची शक्यता दूर होते असे नाही. ‘शक्यता’ हा एकच शब्द ह्या दोहोंवर पांघरूण घालतो.

४

खगोलशास्त्रात प्रत्यक्ष आणि अनुमान ह्यांमधील अंतर सर्वांत मोठे, कारण तेथे वस्तू हाताळता येत नाही. जे येते ते प्रकाश, कण किंवा कंपन. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील ‘लायगो’ वेधशाळांनी गुरुत्वीय लहरीची पहिली नोंद केली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ती जाहीर झाली. ह्या घटनेच्या वर्णनात तीन थर आहेत. सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरील दोन उपकरणांत सुमारे सात सहस्रांश सेकंदांच्या फरकाने सारखेच कंपन नोंदले गेले, हा पहिला थर: येथे ‘नोंदले गेले’ हे स्वार्थी क्रियापद यथार्थ आहे. ते कंपन गुरुत्वीय लहरीचे होते, हा दुसरा. ती लहर सुमारे एकशे तीस कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या अनुक्रमे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकरूप होताना उठली, हा तिसरा. त्यातील प्रत्येक आकडा सैद्धान्तिक प्रतिमानाशी नोंद जुळवून काढलेला आणि प्रत्येकाला त्रुटिमर्यादा असलेला. तिसऱ्या थराचे निष्कर्ष भक्कम आहेत, परंतु ते अनुमानाने भक्कम आहेत. ‘दोन कृष्णविवरांची टक्कर दिसली’ ह्या वाक्याने तिन्ही थर एकत्र कालवले जातात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय दूरचा राहिलेला नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी दिली. ज्या परिसरात ही वेधशाळा उभी राहावयाची, तेथील माणसाला तिचे निष्कर्ष त्याच्या भाषेत आणि योग्य त्या क्रियापदासह सांगता आले पाहिजेत, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

जून २०२३ मध्ये जाहीर झालेला दुसरा निष्कर्ष तर अंशतः पुणे जिल्ह्यातच मिळालेला आहे. नारायणगावजवळील खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांच्या एका गटाने स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांची वर्षानुवर्षे नोंद घेतली आणि युरोपीय गटाच्या नोंदींत ती मिळविली. त्यावरून, तसेच अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीन येथील गटांच्या स्वतंत्र कामावरून, अतिदीर्घ तरंगलांबीच्या गुरुत्वीय लहरी विश्वात सर्वत्र पसरलेल्या असाव्यात असे दिसून आले. पाच सिग्मांची कसोटी पार झालेली नसल्यामुळे ह्या गटांनी ‘शोध’ हा शब्द टाळून ‘पुरावा’ ह्या अर्थाचा शब्द निवडला होता.

येथे मराठीत एक खरी अडचण आहे. सामान्य व्यवहारात ‘पुरावा मिळाला’ म्हणजे प्रश्न मिटला असे समजले जाते. कोर्टाची भाषा मात्र अधिक काटेकोर आहे. तेथे पुरावा दाखल होतो, त्याची उलटतपासणी होते, तो ग्राह्य किंवा अग्राह्य ठरतो, आणि त्यानंतरच गुन्हा शाबीत होतो किंवा होत नाही. पुरावा आणि शाबिती ह्यांतील हे अंतर खेड्यातील कज्जेदलालालाही ठाऊक असते. विज्ञानलेखकाने ते तेथून उचलावयास काय हरकत आहे? ‘पुरावा दाखल झाला आहे, गोष्ट शाबीत व्हावयाची आहे’ हे वाक्य कोणत्याही मराठी वाचकाला अडणार नाही.

पुराव्याची उलटतपासणी कशी होते ह्याचे उदाहरण २०१४ मध्ये मिळाले. मार्च महिन्यात दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-२’ दुर्बिणीच्या गटाने, विश्वाच्या आरंभीच्या अतिजलद प्रसरणात उठलेल्या गुरुत्वीय लहरींचा ठसा मिळाल्याचे जाहीर केले. ‘प्लँक’ उपग्रहाच्या नोंदींसह केलेल्या संयुक्त विश्लेषणातून २०१५ च्या आरंभी असे निष्पन्न झाले की त्या संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा आहे आणि आदिम लहरींचा निर्णायक पुरावा त्यात उरत नाही. नोंद खरी होती. तिच्यापासून काढलेले अनुमान टिकले नाही.

ह्याच्या उलट, उलटतपासणी अद्याप चालू असलेले प्रकरण म्हणून कृष्ण ऊर्जेकडे बोट दाखविता येईल. विश्वाचे प्रसरण वेग घेत आहे हे १९९८ मध्ये दोन गटांनी दाखविले. त्याला कारणीभूत मानलेली कृष्ण ऊर्जा कालान्तराने बदलत नाही असे आजवर धरून चालत. अ‍ॅरिझोनातील ‘डेसी’ उपकरणाने २०२४ आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांवरून ती बदलत असावी अशी शंका बळावली. परंतु सोबत कोणत्या अतिदीप्त ताऱ्यांच्या नोंदी घेतल्या ह्यावर त्या संकेताची तीव्रता २.८ पासून ४.२ सिग्मांपर्यंत बदलते. ‘बदलत असावी’ हेच येथे सर्वांत अचूक क्रियापद होय. ‘बदलते’ म्हणणे घाईचे आहे, आणि बदलत नाही असे ठासून सांगणेही तितकेच घाईचे आहे.

कित्येकदा दोष क्रियापद आणि नाम ह्यांच्या संगतीत असतो. सप्टेंबर २००९ मध्ये चांद्रयान-१ वरील एका वर्णपटमापकाच्या नोंदींतून चंद्रपृष्ठावरील मातीत पाण्याचे रेणू किंवा हायड्रॉक्सिल असल्याचे प्रसिद्ध झाले. तीन सहस्रांश मिलिमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश तेथे शोषला जातो, यावरून हे ओळखले गेले. ‘चंद्रावर पाणी सापडले’ ह्या मराठी वाक्याने मात्र डोळ्यांसमोर विहीर उभी राहते, कारण मराठीत पाणी ‘सापडते’ ते विहीर खणताना. वाक्यातील एकही शब्द खोटा नाही, आणि तरी चित्र खोटे आहे.

क्वचित भाषा लेखकापेक्षा अधिक शहाणी निघते हेही नमूद केले पाहिजे. १० एप्रिल २०१९ रोजी एम ८७ ह्या दीर्घिकेतील कृष्णविवराची प्रतिमा प्रसिद्ध झाली तेव्हा ती आठ रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी एकत्र करून गणिताने घडविलेली होती. कृष्णविवर स्वतः तीत दिसत नाही. भोवतालच्या तप्त वायूच्या कड्यामध्ये पडलेली त्याची छाया दिसते. तिला ‘फोटो’ म्हणणे सैल होते. परंतु ‘छायाचित्र’ ह्या जुन्या मराठी शब्दाला तेथे अनपेक्षितपणे त्याचा शब्दशः अर्थ लाभला.

५

अभियांत्रिकीत प्रश्न वेगळा आहे. तेथे ‘आहे की नाही’ ह्यापेक्षा ‘साधले की नाही’ असे विचारावयाचे असते. चांद्रयान-३ चे अवतरक २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरले. ‘उतरले’ ह्या भूतकाळाला कोणताही विध्यर्थ चिकटवावा लागत नाही. परंतु ‘साधले’ हे क्रियापद दुसऱ्या मार्गाने फसवू शकते. काय साधले, आणि कोठपासून कोठपर्यंत मोजले असता साधले, हे ते सांगत नाही.

५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेसरझोतांनी हायड्रोजनच्या समस्थानिकांच्या एका गोळीचे संमीलन घडविण्यात आले. लक्ष्यावर २.०५ मेगॅजूल ऊर्जा पडली आणि संमीलनातून ३.१५ मेगॅजूल बाहेर आली. ‘घातली त्यापेक्षा अधिक ऊर्जा मिळाली’ हे वाक्य लक्ष्याभोवती रेघ ओढली तर खरे आहे. ती रेघ लेसरयंत्राबाहेर ओढली तर खोटे आहे, कारण ते यंत्र चालविण्यासाठी विजेच्या जाळ्यातून सुमारे ३०० मेगॅजूल घेतले गेले होते. शेताच्या बांधावर उभे राहून खर्च मोजणे आणि सावकाराच्या वहीतून मोजणे ह्यांत जो भेद, तोच हा. दोन्ही हिशेब प्रामाणिक असू शकतात. परंतु कोठला हिशेब चालला आहे हे वाक्यात आले पाहिजे. ‘घालणे’ ह्या क्रियापदाला ‘कोठे’ हा प्रश्न विचारल्यावाचून असे वाक्य पुरे होत नाही.

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातील एका गटाने ‘एलके-९९’ नावाचा पदार्थ तयार केला आणि तो सामान्य तापमानाला व दाबाला अतिसंवाहक असल्याचा दावा केला. पुढील काही आठवड्यांत अन्य प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला तेव्हा अतिसंवाहकता आढळली नाही. दिसलेल्या परिणामांपैकी काहींचे कारण त्यात मिसळलेले ताम्र सल्फाइड होते. येथे ‘शोध लावला’ ह्या एका क्रियापदात दोन विधाने गुंडाळली गेली होती. पदार्थ तयार केला, हे खरे. तो अतिसंवाहक आहे, हे टिकले नाही. ही गाठ मराठी वाक्य रचणाऱ्याने सोडविली असती तर पहिल्या दिवशीचा वृत्तान्तही आज जसाच्या तसा वाचता आला असता.

६

अर्थशास्त्रात चुकीचे परिणाम सर्वांत लवकर माणसांपर्यंत पोचतात. तेथे दोष बहुधा क्रियापदालगतच्या ‘मुळे’ ह्या शब्दयोगी अव्ययात असतो.

कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. प्रगत देशांत सरकारी कर्ज स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असलेल्या वर्षांत सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती, असे त्यात दाखविले होते. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चात काटकसर करावी असे म्हणणाऱ्यांनी ह्या आकड्याचा पुष्कळ आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन, मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पॉलिन ह्यांनी मूळ गणनापत्रक तपासले. सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. शिवाय काही वर्षांच्या नोंदी वगळलेल्या होत्या आणि भारांकनाची पद्धत विवाद्य होती. ह्या सर्वांची दुरुस्ती केल्यावर त्यांनी काढलेली सरासरी २.२ टक्के आली. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, परंतु कर्ज अधिक असता वाढ कमी आढळते हे आपले म्हणणे सोडले नाही.

आकड्याची चूक गणिताने दुरुस्त झाली. तिच्या आधीची चूक भाषेची होती, आणि ती आकडा बरोबर असता तरी उरली असती. ‘कर्जामुळे वाढ खुंटते’ असे म्हणणे हे त्या निबंधातील सारणीचे भाषान्तर होऊ शकत नाही. ‘मुळे’ ह्या अव्ययात ‘मूळ’ आहे. ते लावले की एक गोष्ट दुसरीच्या मुळाशी जाऊन बसते. सारणीतून निघते ते एवढेच की ज्या वर्षी कर्ज अधिक, त्या वर्षी वाढ कमी. वाढ खुंटल्यानेही कर्ज चढत असेल. हा केवळ सहसंबंध सांगावयास मराठीइतकी सोयीची भाषा दुसरी शोधावी लागेल: ‘जेथे–तेथे’, ‘ज्या–त्या’, ‘जसजसा–तसतसा’ ही संबंधी वाक्यरचना कार्यकारणाचा निवाडा न करता दोन गोष्टी शेजारी ठेवते. म्हणी आणि हवामानाचे अडाखे सांगताना ती सर्रास योजली जाते. अर्थशास्त्रीय लेखनात मात्र तिच्या जागी ‘मुळे’ येऊन बसतो.

‘मुळे’ म्हणण्याचा अधिकार मिळविण्यासाठी अर्थशास्त्रज्ञांना किती कष्ट पडतात हे डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर ह्यांच्या १९९४ मधील निबंधावरून दिसते. न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते बदलले नव्हते. दोन्ही बाजूंच्या मिळून ४१० उपाहारगृहांची वेतनवाढीआधी आणि नंतर पाहणी करून त्यांनी तुलना केली, आणि न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. हा निष्कर्ष वादग्रस्त ठरला. परंतु पद्धत रुजली, आणि कार्ड ह्यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. ‘घटल्याचे आढळले नाही’ आणि ‘घटत नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले एका सीमेवरील, एका वर्षातील, एका धंद्यातील घटना सांगते. दुसरे ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ ह्याच्या पंक्तीला बसणारे नित्यसत्य सांगू पाहते.

भूतकाळातून साध्या वर्तमानकाळात होणारी ही उडी मुंबईच्या एका उदाहरणात अधिक स्पष्ट होते. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत ‘प्रथम’ ह्या संस्थेने मागे पडलेल्या मुलांना शिकविण्यासाठी ‘बालसखी’ नेमल्या होत्या. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्तेर डुफ्लो आणि ली लिंडन ह्यांनी ह्या उपक्रमाचे यादृच्छिक निवडीने केलेले मूल्यमापन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपक्रम असलेल्या शाळांतील मुलांच्या गुणांची सरासरी दुसऱ्या वर्षाअखेर ०.२८ प्रमाण विचलनाने वर गेली होती. उपक्रम संपल्यानंतर एका वर्षाने, ज्यांच्यासाठी तो होता त्या मुलांच्या बाबतीत सुमारे ०.१ एवढाच लाभ शिल्लक होता. येथे यादृच्छिक निवड असल्यामुळे ‘बालसखीमुळे गुण वाढले’ असे म्हणता येते. ‘मुळे’ येथे न्याय्य आहे. ‘बालसखी नेमल्यास गुण वाढतात’ असे म्हणता येत नाही, निदान एवढ्यावरून नाही. ‘वाढले’ आणि ‘वाढतात’ ह्यांत जे अंतर आहे तेच एका प्रयोगात आणि शासकीय धोरणात आहे. तो प्रत्यय लिहिणाऱ्याचा हात सहज लिहून जातो. त्याच्या आधारे खर्च होणारा पैसा आणि वर्गात बसणारे मूल मात्र खरे असते.

७

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की प्रत्येक वाक्यास ‘असावे’ आणि ‘बहुधा’ जोडीत गेल्यास गद्य लुळे पडेल आणि वाचक कंटाळेल. आक्षेपात तथ्य आहे. परंतु मागणी संकोच वाढविण्याची नाही, तो योग्य जागी ठेवण्याची आहे. वर दिलेल्या उदाहरणांत ‘नोंदले गेले’, ‘उतरले’, ‘तयार केला’ ही निःसंदिग्ध क्रियापदे जेथल्या तेथे राहतात. किंबहुना जेथे निश्चय आहे तेथे तो ठामपणे सांगितला, तरच पुढच्या वाक्यातील ‘असावे’ला वजन येते. सर्वत्र ‘शास्त्रज्ञांच्या मते’ असे लिहिणे हा उलट बाजूचा तितकाच मोठा दोष आहे. ‘मत’ हा शब्द सभेतील ठरावाला आणि निवडणुकीला शोभतो. दोन वेधशाळांत नोंदले गेलेले कंपन कोणाचे मत नसते. जे मोजले गेले त्याला मत म्हणणे आणि जे मत आहे त्याला सिद्धान्त म्हणणे, ह्या दोहोंनी वाचकाच्या हातून तोलण्याचा काटाच काढून घेतला जातो.

दुसरा आक्षेप असा की अतिशयोक्तीचा उगम मराठीत नाही. प्रयोगशाळांची प्रसिद्धिपत्रके आणि परदेशी वृत्तसंस्था ह्यांतूनच ती येते, आणि मराठी लेखक केवळ भाषान्तर करतो. हेही खरे आहे. परंतु भाषान्तर करणारा प्रत्येक वाक्यात क्रियापदाचे रूप निवडीत असतो, आणि ती निवड त्याची स्वतःची असते. इंग्रजीतील एखाद्या सैल क्रियापदाला मराठीत तीन-चार रूपे उपलब्ध असता त्यांतील सर्वांत ठाम रूपच हाताशी येते, ह्याला मूळ मजकूर जबाबदार नाही.

परिणामाचा विचार करता हा प्रश्न शैलीचा राहत नाही. ज्या वाचकाला आज ‘शोध लागला’ असे सांगितले आणि सहा महिन्यांनी ‘शोध खोटा ठरला’ असे सांगितले, तो तिसऱ्या वेळी दोन्हीवर विश्वास ठेवीत नाही. लसीविषयी, पर्जन्यमानाविषयी किंवा धरणाच्या बांधाविषयी जेव्हा खरोखरच निश्चित असे काही त्याला सांगावयाचे असते, तेव्हा त्या निश्चयासाठी भाषेत निराळे रूप शिल्लक राहिलेले नसते. ते सर्व आधीच खर्चून टाकलेले असते. ‘पुरावा दाखल झाला होता, तो तपासणीत टिकला नाही’ असे ज्याने वाचले असेल त्याला मात्र फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही, कारण तपासणी हाच व्यवहार आहे हे त्याला पहिल्या वाक्यापासून सांगितलेले असते.

परिभाषाकोशांच्या जोडीला संशोधनवृत्तातील क्रियापदांचा, अव्ययांचा आणि वाक्यरचनांचा एक पद्धतशीर संग्रह होणे ह्या दृष्टीने अगत्याचे आहे. निरीक्षण, मापन, अनुमान, सहसंबंध, कारण, दावा आणि निर्मिती ह्या सात व्यापारांसाठी मराठीत आज कोणती रूपे वापरली जातात आणि बोलीत कोणती उपलब्ध आहेत, ह्याची मोजणी विद्यापीठांच्या भाषाविभागांनी विज्ञानविभागांच्या सहकार्याने करता येण्यासारखी आहे. नवे शब्द घडविण्याचे काम त्यात फारसे पडणार नाही. दामल्यांच्या व्याकरणात आणि सकाळच्या अंगणात जे आहे तेच नोंदवावयाचे आहे, आणि नोंदवून झाल्यावर छापील गद्यात परत आणावयाचे आहे.